इशिताचा पाठ

"आधी तिनं बघायचं, मग फुगा. उलटं नाही," सुचेता मॅडम म्हणाल्या. "आणि फुगा लगेच. उशीर झाला तर बक्षीस कशाचं, ते तिला कळत नाही."

गुणवंत फरशीवर मांडी घालून बसला होता. हातात साबणाच्या फुग्यांची बाटली. समोर त्याची साडेपाच वर्षांची मुलगी, इशिता, भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"इशू! इकडे बघ!"

इशिता भिंतीकडेच.

"ए इशू!"

ती आणखी थोडी भिंतीकडे सरकली.

इशिता बोलत नव्हती. हाकेला वळत नव्हती. तीन डॉक्टर झाल्यावर चौथ्यानं ऑटिझम हा शब्द सांगितला, आणि एबीए नावाची शिकवायची पद्धत आहे, हेही सांगितलं. २००५ साल होतं. मीरा रोडला ती शिकवणारं केंद्र काही त्यांना सापडलं नाही. सापडल्या त्या काशीगावच्या सुचेता मॅडम. दर शनिवारी बेव्हर्ली पार्कातल्या एका सोसायटीच्या ऑफिसात त्या पाच-सहा आईबाबांना बसवून शिकवायच्या. मोठ्या कामाच्या छोट्या पायऱ्या करायच्या. पायरी जमली की बक्षीस. नाही जमली तर ओरडायचं नाही, फक्त बक्षीस द्यायचं नाही. एक पक्की झाली की मग पुढची मागायची.

गुणवंतचा यावर काडीचा विश्वास नव्हता. पण जानेवारीत एका लग्नाच्या हॉलमध्ये इशिता किंचाळत सुटली, आणि त्यानं चारचौघांत तिला थोबाडीत मारली. घरी आल्यावर पंचशीलानं माळ्यावरची बॅग खाली काढली.

"अहो, पुन्हा एकदा हात उचललात ना, तर मी हिला घेऊन उदगीरला जाईन. परत यायची नाही."

पंचशीला उगाच बोलणारी बाई नव्हती. बॅग तिनं माळ्यावर परत ठेवली नाही.

म्हणून गुणवंत रोज संध्याकाळी साडेसहाला घरच्या फरशीवर बसू लागला. काशीमिऱ्याच्या गोदामात दिवसभर ट्रकवाल्यांवर ओरडून त्याचा आवाज जन्माचा चढलेला. हाका मारून मारून घसा बसायचा. मग थकून तो हळूच म्हणायचा, "इशू, बाळा..."

आणि इशिता वळायची.

फुगा. वहीत टिक.

पहिल्या आठवड्यात तीन टिका. महिन्यानं रोजच्या अकरा. मग नुसत्या हळू हाकेला तिचं वळणं थांबलं. गुणवंत खाली वाकून तिच्या जवळ सरकला, तेव्हा तिनं थेट डोळ्यांत बघितलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. तो फुगा फुंकायचाच विसरला.

"पंचशीला! अगं, बघितलं हिनं!"

इशिता तात्काळ भिंतीकडे वळली.

दर रविवारचा अर्धा तास शेजारचा दत्ताराम कॅमेऱ्यावर टिपायचा. तो लग्नाचं शूटिंग करायचा. टेप मॅडमकडे जायची. गुणवंतनं एकही पाहिली नव्हती. त्याला वहीतल्या टिका पुरेशा होत्या. गोदामात आता तो ट्रकवाल्यांना त्या टिकांची गोष्ट सांगायचा.

"साहेब, तबियत ठीक है ना?" एका ड्रायव्हरनं विचारलं. "आजकल बहुत धीरे बोलते हो."

मे महिन्यात इशिता उठून आली आणि तिनं कपाळ त्याच्या गुडघ्याला टेकवलं. क्षणभरच. मग रोज. जूनमध्ये एकदा त्यानं बाटली बाजूला ठेवली होती, नुसताच तिच्याकडे बघत बसला होता. इशितानं ओठांचा चंबू केला.

"फू."

पंचशीला लाटणं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून आली. दोघांपैकी कुणीही ओरडलं नाही. इशिता पुन्हा म्हणाली, "फू." पंचशीला तिथंच खाली बसली, पिठाच्या हातांनी तोंड झाकून.

त्या आठवड्यात बॅग माळ्यावर गेली.

पुढच्या शनिवारी मॅडमनी दोघांना वर्ग सुटल्यावर थांबवून घेतलं. टीव्हीला कॅमेरा जोडला होता. गुणवंत इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. शाबासकी मिळणार हे तो धरूनच चालला होता.

"इशिताचे बाबा, सगळ्या टेपा मी दोनदा बघितल्या," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "दुसऱ्यांदा बघताना रडले. आता बघा. पण इशिताकडे बघू नका. स्वतःकडे बघा."

फेब्रुवारी. पडद्यावरचा गुणवंत ओरडला. इशिता भिंतीकडे. तो हळू बोलला. त्याच क्षणी ती वळली. पुन्हा ओरडला, पुन्हा भिंत. अर्ध्या तासात दोन्ही मिळून चौदा वेळा. एकदाही चूक नाही.

मार्च. आता नुसत्या हळू आवाजाला ती वळत नव्हती. तो वाकून जवळ आला की मगच डोळ्यांत बघत होती.

मे. जवळ येऊनही तो बाटली नाचवत असेल तर नाही. हात शांत झाले, की कपाळ गुडघ्यावर.

"एक पायरी पक्की झाल्याशिवाय तिनं पुढची मागितली नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि एक सेकंदही उशीर केला नाही. मला हे जमायला दोन वर्षं लागली होती."

"पण तिला हे शिकवलं कुणी?" पंचशीलानं विचारलं.

मॅडमनी नवा तक्ता काढला, वर तारीख घातली, आणि 'शिकवणारी व्यक्ती' या रकान्यात लिहिलं: इशिता. खालच्या, विद्यार्थ्याच्या रकान्यात त्यांनी गुणवंतचं नाव लिहिलं आणि पुढे शेरा मारला: प्रगती उत्तम.