कोंडलेली गाडी

आमच्या बजरंगला काही बिघडलं की बोट बायकोकडं करायची खोड हाय. गाडी चढाला दमते, डिझेल दुप्पट पिते, म्हणजे तिनंच चालवून वाट लावली. "माय, उद्यापासून मास्तरीणबाई एसटीनं जातील," म्हणत त्यानं सुनेकडून चावी घेतली. काल गोदावरीच्या पुलावर पेंगताना मला गाडीही झोपेत चालल्यासारखी वाटली. मागं काळा धूर लांबत होता. वारा कोंडल्यावर माझी चूल अशीच धुमसते, सरपण जादा खाते. "गाडीला वारा कुठून जातो, ते उघड," मी बजरंगला म्हणाले. त्यानं उघडलं, तर हवेच्या फिल्टरच्या डब्यात उंदरानं उशीभर कापूस कोंबला होता. काढताच तो उन्हात सुटला, अंगणभर तरंगत सावकाश सुनेच्या केसांवर उतरला. तिनं झटकला न्हाई. मी बजरंगकडून चावी घेऊन तिच्या मुठीत दिली. "कापसाच्या ढिगाजवळ गाडी तूच लावतूस, बजरंग. माफी माग न्हाईतर गप ऱ्हा, ही गाडीनंच जाईल."