सेव्ह झालं

निळा दिवा. कोमट पाण्याचा पेला. पाटी. गेलेली लाईट.

दुपारी गळ्याचं ऑपरेशन होतं. त्यात आवाज कायमचा जाणार होता, म्हणून हेरंबच्या आईनं सकाळीच त्याच्या स्टुडिओत नातीसाठी अंगाई रेकॉर्ड केली. “आलं का रे नीट?” कोमट पाण्याचा पेला खाली ठेवत तिनं विचारलं. रेकॉर्डिंगचा निळा दिवा विझला होता आणि पडद्यावर ‘सेव्ह झालं’ अशी अक्षरं होती. “आलं की,” हेरंब म्हणाला.

वेग मिळावा म्हणून तो सगळं आधी कॉम्प्युटरच्या मेमरीत ठेवायचा आणि संध्याकाळी डिस्कवर उतरवायचा. भागीदार शकील कितीदा ओरडला होता, “थेट एसएसडी डिस्कवर घे लेका! लाईट गेली की मेमरी सगळं विसरते.”

“एसएसडी रांगते रे,” हे हेरंबचं ठरलेलं उत्तर.

आई ऑपरेशनला आत असतानाच स्टुडिओतली लाईट गेली. इन्व्हर्टरही बसला, असं शकीलनं फोनवर सांगितलं.

शुद्धीवर आल्यावर आईनं पाटीवर लिहिलं, ‘ऐकवलीस तिला?’

“हो. लगेच झोपली,” हेरंब म्हणाला आणि खोलीतल्या बंद पंख्याकडे बघत राहिला.

एसएसडीला पापणी लवण्याइतकाच वेळ जास्त लागला असता.