चंद्रावरची फुगडी

“निरंजन, कुणालाच पटायचं नाही, पण आज मी इथल्या काचेच्या घुमटाला डोकं टेकवून आलो,” त्र्याऐंशी वर्षांचे मोरेश्वर पेठकर चंद्रावरून सांगत होते.

एडिंबरोतला मुलगा पडद्यावरून ऐकत होता. ऐंशीनंतर चंद्रावर राहायचं तर मुलांची सही लागे. सही करायचं सोडून त्याने तर तिथल्या वृद्धाश्रमात दोघांची खोलीही पाहून ठेवली होती.

“तुझ्या आईबरोबर फुगडी धरली रे. इथे वजन सहावा हिस्सा, गुडघे आहेत हेच विसरलो. तिसऱ्या गिरकीला पाय सुटले, दोघंही वर वर निघालो. खाली भेंडीचे वाफे रांगोळीसारखे संथ फिरत होते. तुझी आई मात्र रडकुंडीला! ‘हात सोडू नका’ म्हणून नुसती ओरडत होती. मीच सावकाश उतरवली तिला.”

“मग निदान आईला तरी परत आणतो,” निरंजन हळवा होऊन म्हणाला. “या वयात कशाला तिला त्रास?”

मागून कुमुदिनीबाई तरंगतच पुढे आल्या.

“अहो, किती खोटं बोलाल! ओरडत होतात तुम्ही. मी तर ‘सोडा’ म्हणत होते!”