आखूड शब्द

सासरे गावाला, आम्ही शहरात. रोज सकाळी ते ह्यांना, म्हणजे आपल्या लेकाला, फोनवर चार इंग्रजी अक्षरं पाठवायचे. ती सगळी ज्यात येतील असा लांबलचक इंग्रजी शब्द दोघांनी शोधायचा. जिंकायचे नेहमी हेच, आणि वर चिडवायचे, "बाबा, डिक्शनरी उशाला घेऊन झोपत जा."

अपघातात हे गेले, तेव्हा सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डॉक्टर म्हणाले, इतक्यात सांगू नका. मग ह्यांच्या फोनवरून मीच खेळू लागले. त्यांना तेवढाच आनंद, म्हणून मुद्दाम आखूड शब्द पाठवत राहिले.

आज त्यांचा मेसेज आला.


"सूनबाई, माझ्या लेकानं मला कधी जिंकू दिलं नाही. उद्यापासून तुझ्याच फोनवरून खेळ."