पुन्हा मोजा

डॉक्टरीणबाईंनी संमतीचा कागद पुढे केला. बाळाच्या आईने पेन हातात घेतलं आणि ते तसंच धरून ती बसून राहिली.

"सोमवारी बाळाचं वजन बाराशे चौऱ्याऐंशी ग्रॅम होतं. आज एक हजार एकोणतीस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीनदा मोजलं, तीनदा तेच आलं. एवढं वजन उतरावं असं मला तरी काही सापडत नाही. म्हणूनच मोठ्या इस्पितळात हलवू या म्हणते."

"चार तासांचा रस्ता आहे," ती म्हणाली. "गाडीत त्याला काही झालं तर?"

डॉक्टरीणबाईंनी सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

तिचे वडील, बाळाचे आजोबा, काचेपाशी उभे होते. पलीकडे काचेच्या पेट्यांची रांग होती आणि शेवटच्या पेटीत त्यांचा नातू होता, सात आठवडे आधीच जगात आलेला. आजोबांच्या हातात काहीच नव्हतं. औषधपाण्यातलं त्यांना कळत नव्हतं. लेकीला धीर देणंही त्यांना कधी जमलं नव्हतं. जन्मभर त्यांनी एकच काम केलं होतं: दुसऱ्यांनी लिहिलेली सॉफ्टवेअर तपासायची आणि चुका काढायच्या. ऑफिसात सगळे त्यांना 'शंकेखोर' म्हणत.

आणि आता तेही धड जमेनासं झालं होतं. मागच्या आठवड्यात एका चाचणीने त्यांना पार रडकुंडीला आणलं होतं. वजनकाट्याकडून आलेला आकडा जुन्या संगणकावर बरोबर दिसे. तोच आकडा नव्यावर पाठवला की 'पुन्हा मोजा' अशी पाटी येई, आणि क्वचित एखादं भलतंच वजन. आठ दिवस डोकं फोडूनही कारण हाती लागलं नाही. साहेब म्हणाले होते, "शंकेखोर, मंगळवारी माल जायचाय. तुमची शंका बुधवारी काढा." शेवटी त्यांनी चाचणीत दोनच वजनं ठेवली, एक शून्य आणि एक काठोकाठ, म्हणजे काट्याला पाठवता येईल तेवढं मोठ्यात मोठं. दोन्ही बरोबर आली. त्यांनी सही करून टाकली.

"या नव्या मशीनने आज नुसता वात आणलाय," सिस्टर आतून येत डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "सारखं आपलं 'पुन्हा मोजा, पुन्हा मोजा'. जुनं काय वाईट होतं?"

आजोबांनी मान वळवली. टेबलावर काट्याला जोडलेल्या नव्या संगणकाचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. त्याखाली त्यांच्याच कंपनीची निळी पट्टी होती.

सवयीने त्यांनी मनात वजाबाकी केली. बाराशे चौऱ्याऐंशीतून एक हजार एकोणतीस गेले, उरले दोनशे पंचावन्न. आठ दिवस हाती न लागलेलं कारण त्या आकड्यात होतं.

काटा वजन दोन तुकड्यांत पाठवतो. एक तुकडा दोनशे छप्पन्नांच्या गठ्ठ्यांचा, दुसरा सुट्या ग्रॅमांचा. पाच गठ्ठे आणि चार सुटे: बाराशे चौऱ्याऐंशी. नवा संगणक मागचा तुकडा आधी वाचत होता. चार गठ्ठे आणि पाच सुटे: एक हजार एकोणतीस. एक गठ्ठा कमी, एक सुटा जास्त, म्हणून फरक दोनशे पंचावन्न. बहुतेक वजनं अशी उलटी वाचली की दहा, वीस, पन्नास किलोंच्या घरात जात, म्हणून 'पुन्हा मोजा'. एखादंच बाळाला शोभेलसं निघे. आणि शून्य कसंही वाचलं तरी शून्यच. काठोकाठचंही तेच, त्याचे दोन्ही तुकडे सारखेच. नेमकी ही दोनच वजनं त्यांनी चाचणीत ठेवली होती.

"सही करू नकोस," ते म्हणाले.

"बाबा, प्लीज. तुमच्या शंका आता नकोत."

"शंका नाही गं. डॉक्टरीणबाई, संगणक न जोडलेला एखादा काटा आहे का कुठे? जुना, साधा?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि सिस्टरला मान हलवून खूण केली. कोठीतून पांढऱ्या तबकाचा काटा आला. सिस्टरने तो पुसला आणि बाळाला हलक्या हाताने त्यावर ठेवलं. काटा थरथरला, पुढे गेला, मागे आला आणि बाराशे नव्वदच्या जरासा अलीकडे थांबला.

लेक हसली की रडली ते कळलं नाही. तिने कागद बाजूला सारला आणि वडिलांच्या बाहीत तोंड खुपसलं. "तुम्हाला कसं कळलं, बाबा?"

"ते मशीन मीच तपासलंय," आजोबा म्हणाले. "चूक माझी आहे." एवढं बोलल्यावर त्यांना बरं वाटलं, अगदी हलकं वाटलं. ते सिस्टरकडे वळले. "आज त्यावर आलेली सगळी वजनं खोडून टाका, बाई."

"सगळी कुठली, आजोबा. दोनच तर आली," सिस्टर म्हणाली. मग तिने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं आणि तिचा आवाज खाली गेला. "दुसरं तीन नंबरच्या पेटीतल्या बाळाचं. ते सकाळी सातलाच गाडीतून गेलं."