कोपऱ्यावरूनच कळतं

पुस्तिकेत पंचेचाळीस मिनिटं लिहिली होती. साडेतीन तास झाले होते. बॉनेटमध्ये डोकं घालून तो अशा कोनात वाकला होता, की आता सरळ व्हायचं तर आधी कमरेची परवानगी घ्यावी लागली असती. गाडीला कंपनीने दिलेला हवेचा काळा डबा भिंतीशी पडला होता. त्याच्या जागी उघडा लाल फिल्टर आणि चकचकीत जाड पाइप बसवायचा होता. पाइपाला एकीकडे जायचं होतं, टर्बोचं तोंड दुसरीकडे होतं, आणि मधल्या मध्ये त्याची बोटं सोलवटून निघत होती.

बायको चहा घेऊन खाली आली. कप धरण्याजोगा एकही हात त्याच्याकडे नव्हता, म्हणून तिने तो गाडीच्या टपावर ठेवला.

"अहो, एवढं करून होणार काय?"

"इंजिनाला हवा जास्त मिळते. टर्बोला मोकळा श्वास घेता येतो."

"टर्बोला," ती म्हणाली. "बरं. घरात कोणाला तरी."

मग तिची नजर जमिनीवर गेली. "हे दोन बोल्ट?"

"उरलेत."

"उरायचेच होते का?"

"काही बोल्ट उरतात."

वीस वर्षांच्या संसारात तिनेही बरंच काही उरलेलं पाहिलं होतं.

अखेर पाइप बसला. गाडी सुरू झाली. मागच्या काचेशी छत्री आणि टिश्यूचा डबा बाळगणारी ती सज्जन गाडी पाय दाबला की घसा खरवडून हवा ओढू लागली, आणि पाय काढला की दातांतून फिस्स करू लागली. तो पेट्रोल पंपापर्यंत गेला आणि वळला. ऑफिसात, घरात, कुठेही इतकं ऐकू जाईल असं तो बऱ्याच वर्षांत काही बोलला नव्हता.

कोपऱ्यावर वळताना त्याला पहिल्या मजल्यावरची आपली गॅलरी दिसली. मुलगी पोट पुढे काढून, हात मागे बांधून येरझारा घालत होती. बायको कठडा धरून हसत होती, हसता हसता खाली बसायच्या बेतात. गाडीने घसा खरवडला. मुलीची मान वळली, हात सुटले, पोट आत गेलं आणि दोघीही आत गेल्या.

तो वर पोचला तेव्हा मुलगी पुस्तकात होती. बायको घड्या घातलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या घालत होती.

"काय चाललं होतं?"

"कुठे काय," दोघी म्हणाल्या.

"हसत होतात."

"असंच. बाबा, आवाज भारी आहे हां," मुलगी म्हणाली. "कोपऱ्यावरूनच कळतं."

"काय कळतं?"

"तुम्ही आलात ते."

तिने कौतुकच केलं होतं. तो पाण्याचा ग्लास हातात धरून उभा राहिला. कालपर्यंत गाडी मुकी होती. जिना चढताना दाराआडून हसण्याचं शेपूट तरी कानावर पडायचं. शेपूटच, पण रोजचं. तो आत आला की ते थांबायचं, हे त्याला ठाऊक होतं. पण तेवढा त्याचा वाटा होता. आज साडेतीन तास खपून, स्वतःच्या हाताने, त्याने तोही घालवला होता.

"एक क्लॅम्प ढिला वाटतोय," तो म्हणाला. "चक्कर मारून येतो."

या खेपेला कोपऱ्याच्या अलीकडेच त्याने काच खाली केली आणि इंजिन बंद केलं. रस्त्याला उतार होता. स्टीअरिंग दगडासारखं जड झालं, ब्रेक दोन्ही पायांनी दाबावा लागला, पण गाडी चोरपावलांनी भिंतीशी, जुन्या काळ्या डब्याजवळ येऊन थांबली.

वरून आवाज आला. जाड, नाकातून काढलेला, हुबेहूब त्याचा.

"खोलीत चिटपाखरू नाही आणि पंखा गरगरतोय. पंखा कोणाचा बाप बंद करणार?"

बायको हसली. ठसका लागेपर्यंत हसली. हे हसणं त्याने सुरुवातीपासून ऐकलं त्याला किती वर्षं झाली, त्याला आठवेना. 'कोणाचा'वर जोर किंचित कमी पडला, असंही त्याला वाटलं. त्याने गाडीचं दार उघडलं नाही. दाराचा आवाज झाला असता.

"अजून एकदा कर," बायको म्हणाली.

तेवढ्यात बॉनेटखाली, तापलेलं इंजिन गार करायला, गाडीचा पंखा आपोआप घरघरत सुरू झाला.

वर शांत झालं. त्याने मान वर करून पाहिलं. खिडकीतून बैठकीच्या छताचा पंखा दिसत होता. गरगरणाऱ्या चकतीची आधी तीन पाती झाली, मग ती मोजता येऊ लागली, मग थांबली.