आमदारकीची दहा वर्षं

दहा वर्षं आमदार राहिलेल्या सुजाता तायडे पाणी योजनेच्या उद्घाटनाला तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. व्यासपीठावर नवा आमदार निलय मोरखडे एका म्हातारीला विचारत होता, "गयाबाई, गुडघा कसा आहे? जावई परत आला का?" म्हातारी हरखून गेली.

सुजाताताईंचा जळफळाट झाला. गयाबाईंना त्याही ओळखत असणार, पण आता चेहराही आठवत नव्हता. कायद्याने दोनच मुदती मिळत, आणि अनुभव वाया जाऊ नये म्हणून पद सोडणाऱ्याच्या त्या काळातल्या साऱ्या आठवणी, घरच्याही, काढून नव्या आमदाराच्या मेंदूत भरत. याला सगळं आयतं मिळालं होतं.

कार्यक्रम संपल्यावर निलय त्यांच्या पाया पडला. "ताई, काही हवंय का?"

"माझी दहा वर्षं परत दे," त्या फणकारल्या.

तो ओशाळला. "अधिवेशन चालू असताना तुमच्या आईंचा शेवटचा फोन आला होता. तोही माझ्याकडेच आलाय."

आई गेल्याचं त्यांना मुलीने नव्याने सांगितलं होतं. फोनबद्दल मात्र घरात कुणालाच माहीत नव्हतं. आईचा आवाज या परक्या माणसाच्या कानात आहे आणि आपल्या नाही, हे त्यांना सहन होईना.

त्यांनी शेजारची खुर्ची ओढली.

"बस," त्या म्हणाल्या. "काय म्हणाली ती?"